बँडेज बांधलेली भुतं

१४ ऑक्टोबर

हो म्हणून बसलो! शाळा सुटताना डेलाच्या वर्गशिक्षिका पॅजेट बाई गाडीच्या खिडकीशी आल्या. "हॅलोविनच्या पार्टीचा खाऊ दरवर्षी मारिट करायची... यंदा दुसऱ्या कुणाला सांगते. तुम्ही अजिबात मनाला लावून घेऊ नका." मागच्या सीटवर डेला बाहेर बघत होती. "मी करतो," असं कुणीतरी म्हणालं. आवाज माझाच होता.

मला अंडं उकडता येतं. तेही दर वेळी नाही.

घराशी डेला दप्तर ओढत उतरली. मग: "ऑरिन, तुला येतं का ते?"
"शिकेन."
"आईला यायचं."

आईला यायचंच.

१५ ऑक्टोबर

नेब्रास्काहून सासूबाईंचा फोन. तीस तारखेला येतायत. "पोरीला बघते, मग ठरवू." काय ठरवायचं ते दोघांनाही ठाऊक आहे. डेला मारिटच्या पहिल्या लग्नाची मुलगी. एप्रिलमध्ये मारिट गेली, तेव्हापासून कागदोपत्री मी पोरीचा कुणीच नाही. सासूबाईंकडे मोठं अंगण, मामेभावंडं, रोज शिजणारं जेवण. माझ्याकडे जनावरांचा दवाखाना आणि फ्रीजरमधले पिझ्झे.

फोन ठेवताना म्हणाल्या, "डॉक्टर, माझा तुमच्यावर राग नाही. पण गुरं सांभाळणं वेगळं आणि मूल वेगळं."

खरं आहे. घोडा निदान लाथ मारायच्या आधी कान मागे पाडतो. डेला काहीच करत नाही. गप्प असते. शाळेतही, म्हणे.

१८ ऑक्टोबर

भुतं. कृती सोपी — बिस्किट पांढऱ्या चॉकलेटात बुडवा, डोळे लावा, झालं. चॉकलेट घट्ट वाटलं म्हणून त्यात पाणी घातलं. त्याचं प्लास्टर झालं! वासराचा मोडलेला पाय त्यात नीट बसला असता.

डेलाने एक उचलून बघितलं. "ऑरिन, हे भूत मेलंय."

आणि दोघंही एकदम थांबलो. हा शब्द या स्वयंपाकघरात कुणी काढत नाही. मग तिने ते बशीत ठेवलं आणि म्हणाली, "दुसरं कर."

दुसरंही मेलेलंच निघालं.

१९ ऑक्टोबर

चेटकिणीची बोटं, बिस्किटांची. ओव्हनमध्ये घालताना बोटं होती. बाहेर आले ते पायाचे अंगठे — संधिवाताचे.

२० ऑक्टोबर

अंगठे दवाखान्यात नेले. काउंटरवरच्या ग्वेनने तीन खाल्ले. "चवीला बरे आहेत हो डॉक्टर. डोळे मिटून खायचे."

२२ ऑक्टोबर

जमलं! छोट्या केकवर चॉकलेटचे कोळी. काहींना पाय सहा, पण कोळीच वाटतात. स्वतःवर इतका खूश झालो की नमुना म्हणून डबा भरून शाळेत घेऊन गेलो. पॅजेट बाईंनी झाकण उघडलं आणि त्यांचा चेहरा पडला.

"अहो, घरचं चालत नाही यंदापासून. दुकानातलं, सीलबंदच हवं. मुलांच्या ॲलर्जी... डेलाच्या फोल्डरमधून सूचना पाठवली होती. खाली तुमची सही आहे."

आहे. सही माझीच आहे. त्या फोल्डरमध्ये येईल त्यावर मी सही करतो. उद्या कुणी माझी किडनी मागितली तरी मिळेल.

सगळे कोळी मी गाडीत बसून खाल्ले. सहा पायांचे आधी.

२३ ऑक्टोबर

सीलबंद खाऊ आणायचा आणि पाकीट न फोडता वरून सजवायचं, असा मार्ग असतो म्हणे. निम्म्या आया तेच करतात. मला काय सुचणार! बटाट्याच्या वेफर्सच्या पाकिटाला मिशा काढल्या. डेलाने पाकीट उलटं करून ठेवलं.

२४ ऑक्टोबर

शाळा सुटल्यावर डेला दवाखान्यात बसते. आज मी एका कुत्र्याच्या पायाला पट्टी बांधत होतो. ती बघत होती, बराच वेळ. मग म्हणाली, "ज्यूसच्या खोक्याला बांध ना अशी. पिरॅमिडमधली ममी होईल."

मी अकरा वर्षं शिकलो, कुत्र्यांना पट्ट्या बांधण्यात केस पांढरे केले, आणि हे मला सुचलं नाही.

२६ ऑक्टोबर

रविवार. स्वयंपाकघरात कारखाना. मी पट्ट्या गुंडाळतोय, डेला डोळे चिकटवतेय. निम्म्या ममी चकण्या झाल्या. ती प्रत्येकीची केस सांगत होती — "ही ट्रॅक्टरखाली आली. हिने मोजा गिळला. हिला काही झालेलं नाही, हिला नुसतं लक्ष द्यायला कुणीतरी हवंय."

आणि हसली. मोठ्याने!

मी मान वर केली नाही. बुजरं मांजर आपणहून जवळ येत असलं की हलायचं नसतं.

३० ऑक्टोबर

सासूबाई आल्या. फ्रीज उघडला, "हं" म्हणाल्या, बंद केला. टेबलावरच्या ममी बघितल्या.
"हा खाऊ?"
"प्यायचाय."
"हं."

जेवताना डेला उठून गेल्यावर म्हणाल्या, "तिकडच्या शाळेत जागा आहे. विचारून ठेवलंय. जानेवारीत घेतील." मी मटार इकडून तिकडे ढकलत होतो. भांडता आलं पाहिजे माणसाला. मला येत नाही. आणि भांडणार कशाच्या जोरावर?

३१ ऑक्टोबर

फजिती! मी पट्टी बांधतो ती कुत्र्याने दातांनी ओढली तरी सुटू नये म्हणून. तशीच बांधली. सवय! स्ट्रॉ आत, भोक आत, सगळं आत. अख्खा वर्ग ज्यूसशी झटापट करतोय. डायनासोर झालेलं एक पोर रडायला लागलं. शाळेच्या कात्र्या बोथट. कुणाचीतरी आई ओरडली, "डॉक्टर, आता भूल द्या सगळ्यांना!" सगळे हसले. मागच्या खुर्चीत सासूबाई, मांडीवर पर्स. त्या हसल्या नाहीत. संपलं, म्हटलं. जानेवारी.

तेवढ्यात वटवाघूळ झालेली डेला खुर्चीवर उभी राहिली.

"ओढू नका! ओढलं की घट्ट होतं! पाठीमागे खाली टोक खोचलेलं असतं, ते नखाने काढा." आणि मग, छाती पुढे काढून: "आमच्या ऑरिनची पट्टी आहे. कुत्र्यालाही सुटत नाही!"

मग प्रत्येक बाकाशी जाऊन दाखवत फिरली. डायनासोरची पट्टी तिने स्वतः सोडवली, "शहाणा आहेस हं," असं म्हणत — मी दवाखान्यात म्हणतो अगदी तसं. पॅजेट बाई हातात कात्री घेऊन उभ्याच. "सहा महिन्यांत वर्गात तोंड उघडलं नव्हतं हिने," एवढंच म्हणाल्या. सासूबाईंना ऐकू गेलं असावं.

शेवटी डेला आजीपाशी गेली. आजीलाही सुटेना. "तू राहू दे गं आजी, तुझी नखं तुटतील."

परतताना गाडीत मला उगाचच भिंतींना रंग द्यावा, पडदे बदलावे असं काय काय वाटत होतं. उशीर झालाय त्याला.

१ नोव्हेंबर

सासूबाई आणि डेला दिवसभर फिरायला. मी घरात. शाळेतून परत आलेली एक ममी प्यायलो. सोडवायला मलाही वेळ लागला.

२ नोव्हेंबर

सकाळी सासूबाई निघाल्या, एकट्याच. गाडी सुरू करून काच खाली केली. "वटवाघळाचे पंख स्टेपलरने जोडतात होय, डॉक्टर? पुढच्या हॅलोविनला पोशाख मी शिवून पोस्टाने पाठवीन. सप्टेंबरात तिचं माप घेऊन कळवा मला."

हो म्हणालो. गाडी वळणापलीकडे गेली आणि मग डोक्यात शिरलं — पोस्टाने! म्हणजे इथे.

डेला अजून झोपली आहे.