पाण्यानं न नेलेली घरं

कामिशली,
१४ मे २००८

माझ्या धाकट्या रिफत,

तुझ्या दोन्ही डोळ्यांचे मुके घेऊन पत्राला सुरुवात करते. गुडघे कसे आहेत? उजवा जास्त कुरकुरतो म्हणाला होतास. त्याला रात्री गरम मीठ बांधत जा, डॉक्टर हसला तर हसू दे. साखर आटोक्यात आहे ना? की अजून फिलिझ तिच्या घरी गेली की तू बकलाव्याचा डबा शोधतोस? बापाचं ऐकू नकोस आणि पाठ सांभाळ, असं तिला माझ्याकडून सांग. एलाला पुढचे दात आले का? फोनवर माझी नात फुस्स फुस्स बोलत होती, फार गोड वाटलं. खालच्या मजल्यावरची जर्मन म्हातारी पडली होती ती चालायला लागली का? आणि नेविनच्या कबरीशी लावलेलं गुलाबाचं कलम थंडीतून वाचलं का? अल्ला तिची जागा उजळ ठेवो. माझ्या भावजयीसारखा चहा अजून कोणाला जमला नाही.

मी ठणठणीत आहे. चष्मा डोक्यावर असतो आणि मी तो घरभर शोधत फिरते, काखेत कळसा नि गावाला वळसा, एवढाच काय तो आजार.

तू सांगितलेलं काम केलं. फिलिझनं पाठवलेला कॅमेरा गळ्यात अडकवला आणि हिदिरेल्लेझच्या दिवशी सकाळीच एकटी बाहेर पडले. सणाला सगळं गाव झऱ्यावर कोकरू भाजायला गेलं होतं. मी सगळ्या गावाची थोरली ताई, शेजारची नाजिये ओरडली, "आब्ला, एकट्या कुठे निघालात नवरीसारख्या गळ्यात घालून?" म्हटलं, "फोटो काढायला. तुझा नाही, घाबरू नकोस." पिशवीत उकडलेली अंडी, चीज, रोटीची गुंडाळी आणि चहाचा थर्मास घेतला होता. तुला आठवतं, आई आपल्याला असंच बांधून द्यायची आणि आपण चिनारापर्यंत पोचायच्या आतच अंडी संपवायचो? या वेळीही चिनारापर्यंत पोचायच्या आत एक खाल्लं. म्हातारपण म्हणजे दुसरं पोरपणच.

कॅमेरा माझा मीच शिकले. तुझ्या पहिलीच्या पुस्तकातून चोरून अक्षरं शिकले होते तशीच, चुका करत. पहिले काही फोटो माझ्या बोटाचे आलेत. तेही पाठवते, फिलिझला म्हणावं, आत्याचं बोट ओळख.

चिनाराचा काढला. उतारावरचे बदाम, वरच्या वाटेवरचा तो भोक पडलेला खडक, ज्यात तू अडकला होतास आणि बाबांनी तेल लावून ओढून काढलं, त्याचाही काढला. मग टेकडीवर चढले, मध्ये चारदा बसून. वरून तळं बघितलं. सकाळचं ऊन, पलीकडच्या डोंगरावर अजून बर्फाची रेघ आणि मध्ये ते निळं. तुला हवाय तसाच फोटो आलाय बघ. गावच्या स्टुडिओवाल्यानं तर मोठा करून काचेत लावायला मागितला.

खाली बघताना सगळं आठवत होतं. तुझ्या वरच्या खोलीच्या खिडकीतून गळ टाकायचास, आई खालून कालवणाची पळी घेऊन ओरडायची. रात्री जोत्याला पाणी चुबुक चुबुक करायचं. आई म्हणायची, शेजारीण आली, दार उघडं असेल तर आत येईल. हिवाळ्यात काठ गोठला की आपण बाबांच्या जुन्या कातड्यावर बसून घसरायचो. माझ्या लग्नाच्या दिवशी वऱ्हाड होड्यांतून आलं आणि नवऱ्याचा मामा पाण्यात पडला, तेव्हा तू इतका हसलास की बाबांनी तुला मारलं.

टेकडीवरूनच परत फिरले असते तर बरं झालं असतं. हातात चांगले फोटो होते. पण धक्क्याचा फोटो हवा, तिथून आपण उड्या मारायचो तो, असं तू बजावून सांगितलं होतंस. म्हणून उतरले.

धक्क्यावर हायरेत्तिन कप्तान बसला होता. त्याला अजून सगळे कप्तानच म्हणतात. तो काही झऱ्यावर गेला नव्हता, त्याला खरबुजांना पाणी द्यायचं होतं.

रिफत, खरबुजं धक्क्याच्या खालीच आहेत.

मी त्याला धक्क्यावर सरळ बस म्हटलं, आकाश जास्त येईल असा कॅमेरा वर धरला. तो म्हणाला, "आब्ला, खाली माझी वेल आहे, ती पण घे की."

"ती नको. रिफतला पाठवायचाय."

"मग माझी होडी घे. आत कोंबड्या बसतात आता. नऊ अंडी उबवायला ठेवलीत, मासे कधी इतके इमानी नव्हते."

"गप रे."

तो गप्प झाला नाही. कधी झालाय? "त्याला सांगितलं नाहीस तू?" म्हणाला. मी कॅमेऱ्याचं भिंग ओढणीनं पुसत बसले. "तुझ्या त्या जर्मन भावाला सांगितलं नाहीस? तो तिकडचं घर विकून येणार, आणि तू त्याला आकाश पाठवणार? आब्ला, कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहतं का?"

मी म्हटलं, फोनवर तो विचारतो तळं कसं आहे, मी म्हणते आहे तिथंच. यात खोटं काय? तो इतका हसला की त्याला खोकला लागला. मग माझा हात धरून त्यानं मला धक्क्याच्या पायऱ्यांवरून खाली उतरवलं. त्या पायऱ्या उतरायच्या असतात हे मला ठाऊकच नव्हतं. पाण्यातून वर चढायलाच आपण त्या वापरायचो.

आता नीटच लिहिते. तळं मागे गेलंय. तू शेवटचा आलास त्या उन्हाळ्यातच थोडं गेलं होतं, तेव्हा आपण म्हणालो यंदा बर्फ कमी पडलं. मग नेविनचं आजारपण लागलं, तुझं येणं थांबलं, आणि पाण्याचं जाणं थांबलं नाही. वरती नद्या अडवल्या, सगळ्यांनी विहिरी खणल्या, आपल्या गावानंही. हिदिरेल्लेझच्या आदल्या संध्याकाळी आम्ही बायका आता कप्तानच्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून काठावर जातो, गाणी म्हणत, धक्के खात, आणि अंधार पडायच्या आत परत येतो. म्हणून इतकी वर्षं मी ते अंतर कधी पायी चालले नव्हते. त्या दिवशी चालले.

एलाला हे ठाऊक नसेल, तिला सांग: त्या संध्याकाळी ज्याला जे हवं त्याचं छोटंसं रूप पाण्याच्या अगदी कडेला खड्यांनी रचायचं. घर हवं तर घर, पाळणा हवा तर पाळणा. रात्री लाट येऊन ते मोडून नेते आणि मागणं पोचतं. लहानपणी तू खड्यांची मोटार रचली होतीस, आणि पुढे जर्मनीत मोटारींच्याच कारखान्यात चिकटलास. आई म्हणायची, कारखाना मागायला नको होता.

तर मी त्या कोरड्या तळातून पाण्याकडे चालत होते. पायाखाली शिंपले कडकड फुटत होते. आणि थोडं गेल्यावर खड्यांच्या घरांची एक ओळ लागली. पुढे गेले, आणखी एक ओळ. मग आणखी. एकेका वर्षाचा काठ, रिफत. लाट पोचलीच नाही, म्हणून पोरींनी मागितलेली घरं, पाळणे, एक शिवणयंत्रसुद्धा, सगळं तिथंच. काही शेळ्यांनी तुडवलेली, काही जशीच्या तशी. पाळणा मागणाऱ्यांची पोरं आता शाळेत जातात, म्हणजे देवाला लाटेची फार गरज नसावी. पण मी माझी शोधली.

माझी ओळखायला सोपी होती. दुमजली, आणि वरच्या खिडकीला आईच्या फुटलेल्या निळ्या सुरईचा तुकडा. प्रत्येक ओळीत एक. तू पेन्शनवर गेलास त्या वर्षापासून मी दरवर्षी तेच घर रचत आले, वरच्या खोलीसकट. कोणाला सांगितलं नाही, कारण सांगितलं की पोचत नाही म्हणतात. आता सांगून काय बिघडणार?

शेवटचं, आदल्याच संध्याकाळी रचलेलं, पाण्यापासून हातभर अंतरावर होतं. पाणी इतकं निवांत होतं की खड्यालाही त्यानं शिवलं नव्हतं. मी तिथं बसून चहा प्यायले. बगळे होते, लांब बेडकं ओरडत होती. सुंदर होतं रे, खोटं कशाला बोलू. मग उठून गावाकडे तोंड केलं आणि कॅमेऱ्यातून बघितलं: पायाशी माझं घर, मागे ओळीमागून ओळी, आणि फार लांब, माचिशीच्या पेटीएवढं आपलं घर आणि तुझी खिडकी. तो फोटो काढला. थोडा तिरका, पण आलाय. परत येताना कप्तानच्या खरबुजांचा आणि होडीतल्या कोंबड्यांचाही काढला.

घरी येऊन टेकडीवरचे, बदामाचे, आकाशाचे फोटो एका पाकिटात भरले होते. फिलिझ तुला विचारते ना, "बाबा, इथं दवाखाना आहे, मी आहे, एला आहे, तिथं काय आहे?" आणि तू म्हणतोस, "तळं आहे." तिनं ते सुंदर फोटो बघितले असते तर ती हरली असती. पुढच्या महिन्यात तू तिकडच्या घराच्या विक्रीच्या कागदावर सही केली असतीस, आणि हेमंतात माझ्या जिन्यावर तुझी पावलं वाजली असती. पाकीट आठ दिवस कपाटावर राहिलं. रोज पोस्टात टाकायला निघायचे आणि रोज काहीतरी काम निघायचं.

आज ते उघडलं आणि सगळे फोटो घातले. खरबुजांचा आहे, होडीतल्या कोंबड्यांचा आहे, ओळींचा आहे. फिलिझला आधी दाखव, तुझ्या बाजूनं काही न बोलता.

पाण्यासाठी येत असशील तर घर विकू नकोस, रिफत. रोज सकाळी ती खिडकी उघडून तू गप्प बसलेला मला बघवणार नाही. आणि बहिणीसाठी येत असशील तर तिकडची किल्ली खिशात ठेवून ये. उन्हाळाभर राहा, एलाला घेऊन ये. मग परत जा. मी पोचवायला येईन आणि रडणार नाही. रडले तरी तू बघू नकोस.

काय ठरवशील ते लवकर लिही. फोन करू नकोस. फोनवर मी पुन्हा म्हणेन, सगळं आहे तिथंच आहे. पत्रच लिही, एका ओळीचं असलं तरी.

तुझी, तळ्यापासून आता बरीच लांब राहणारी,
सादेत आब्ला