राणीच्या नवऱ्याबद्दल एक ओळ

बाबा, सिंगापूरला बसून मी काय वाचते हे कळलं असतं, तर तुम्ही कणीक मळता मळता थांबला असता. चौदाशे वर्षांपूर्वीच्या चिनी दरबारी नोंदी! त्यात हिमालयापलीकडच्या एका राज्याची हकिकत आहे. तिथे पिढ्यान्‌पिढ्या राज्य करायच्या त्या बायकाच. राणी नऊ मजली घरात राहायची, दर पाच दिवसांनी दरबार भरवायची, हाताशी एक धाकटी राणीही असायची. बायका-पुरुष सगळेच तोंडाला रंग लावत आणि दिवसातून तीन-चारदा बदलत. मीठ तर इतकं, की ते आपल्याकडे हिंदुस्थानात आणून विकत. आपल्या कुणा पूर्वजाच्या आमटीत त्या राणीचं मीठ पडलं असेल की नाही, सांगा बरं. विद्यापीठात बसून जुनं चिनी वाचायचं आणि त्याचा पगार घ्यायचा, हे तुमच्या जावयाला अजून खरं वाटत नाही.

राणीच्या नवऱ्याबद्दल मात्र एकच ओळ आहे. त्याला एक पदवी होती आणि तो राज्यकारभारात नसे. संपलं! लिहिणाऱ्याला मिठातला नफा दिसला, पण हा गडी दिवसभर करायचा काय, हे विचारावंसं वाटलं नाही. वाचताना मला तुम्हीच दिसलात. पदवी तुम्हालाही होती की! आई मुख्याध्यापिका, सगळं गाव तिला ‘बाई’ म्हणायचं, आणि तुम्ही ‘बाईंचे मिस्टर’. आजीला अर्धांगवायू झाला तेव्हा तुम्ही ड्राफ्ट्समनची नोकरी सोडलीत आणि आजी गेल्यावरही पुन्हा धरली नाहीत. पोस्टमनसुद्धा तुम्हाला त्याच नावाने हाक मारायचा.

चैत्रातलं ते हळदीकुंकू आठवतं? मी नऊ वर्षांची. सकाळपासून तुम्ही आंबेडाळीसाठी डाळ वाटताय, कैरी किसताय, पन्ह्यात वेलची घालून मला चाखायला देताय. चार वाजता बायका यायला लागतात आणि तुम्ही हात पुसून मागच्या खोलीत जाऊन बसता. हळदीकुंकवात पुरुषमाणसाचं काय काम! “शाळा सांभाळून इतकी झकास डाळ कशी हो जमते बाई तुम्हाला?” कुणीतरी विचारतं. आई हसून म्हणते, “जमते आपली.” मी तरातरा पुढे होते, “डाळ तर बाबांनी...” एवढं म्हणते, तोच आतून तुमची हाक येते. दंड धरून तुम्ही मला दटावलंत, “चोंबडेपणा करायचा नाही. चार माणसांत मान आहे तिला.” मी दिवसभर फुगून बसले. तेव्हा तुमचा चेहरा कसा होता, ते मात्र काही केल्या आठवत नाही.

आता माझे प्रताप ऐका. तुमच्या जावयाने माझ्यापायी पुण्यातली चांगली नोकरी सोडली. सिंगापुरातल्या क्वीन्सटाउनच्या या फ्लॅटमध्ये तो डिपेंडंट पासवर आहे, म्हणजे माझी नोकरी आहे तोवर त्याचं इथलं राहणं. तुमची नात शाळेत इथल्या पोरांच्या इंग्रजीत सांगते, “माय पापा कुक्स लाह, मम्मी कान्ट.” परवा गणपतीत आमच्याकडे पंधरा मराठी माणसं जेवायला होती. उकडीचे मोदक त्याने केले, एकेक कळी बघत राहावी अशी. “रिसर्च करून वर मोदकही? धन्य आहेस!” एकजण म्हणाली. आणि बाबा, मी म्हणाले, “जमले बाई एकदाचे.” तो तुपाची वाटी घेऊन माझ्या मागेच उभा होता. हसतमुखाने त्याने सगळ्यांना तूप वाढलं. दुसऱ्या दिवशी पोह्यांची बशी माझ्यापुढे ठेवत म्हणाला, “पुण्यात एक जागा निघालीय. अर्ज करू का?” चूक माझी, तरी मीच भडकले. म्हटलं, “कर की! तुला कुणी बांधून ठेवलंय?” त्याने लेकीचा डबा भरला आणि तिला शाळेच्या बसपर्यंत सोडायला गेला.

तेव्हापासून मला एकच चुटपुट लागलीय. त्या दिवशी तुम्ही मला दटावलंत ते आईच्या कौतुकापोटी, की आपण रांधतो हे चारचौघांत कळायला नको म्हणून? मागच्या खोलीत तुम्ही मजेत बसायचात, की तोंडात मारल्यासारखे? आईला विचारलं तर ती म्हणते, “त्यांना आवडायचं गं.” तिलाही कुठे ठाऊक आहे!

आज ऑफिसातून दुपारीच निघाले. तो दुधी किसत होता. मी बॅगही खाली न ठेवता विचारलं, “इथे तू सुखात आहेस का? खरं सांग.” त्याने किसणी बाजूला ठेवली, गॅस बंद केला, खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, “सांगतो. पण वेळ आहे ना तुला?” तर माझ्या ओठांवर आलं होतं, की मीटिंग आहे. मीटिंग-बीटिंग काही नव्हती. कशीबशी समोर बसले. दीड तास तो बोलला. अर्ज करायचा की नाही, ते अजून ठरायचंय.

हे पत्र कुठेच जायचं नाही, म्हणून कबूल करते. चिनी लेखकाने का विचारलं नाही, ते मला माहीत नाही, बाबा. मला तो प्रश्न सुचला होता, तुम्ही होतात तेव्हाच, कितीदा तरी. मी उत्तराला घाबरले.