अप्पा, शेवट तुम्हीच बदललात!

प्रिय अप्पा,

तुम्हाला जाऊन दोन वर्षं होत आली. इतके दिवस लिहिलं नाही, कारण तुमच्याशी भांडण नव्हतं. आता आहे.

गेल्या रविवारी मी तुमच्यासाठी सभा गाजवली. विषय होता, जुन्या रहस्यकथांची टीव्हीवर चाललेली विटंबना. तुमच्या तांबट आळीतल्या खुनाच्या कादंबरीवर मालिका आली ना! तुमचे ते निवृत्त पोस्टमास्तर, तपकीर ओढत कसब्यातल्या गल्ल्या पायी तुडवणारे, त्यांना तिशीचं करून मोटरसायकलवर बसवलंय. अंगात चामड्याचं जाकीट. पुण्याच्या उन्हात! पहिल्या भागात त्यांनी सुगावा शोधण्याऐवजी तीन माणसांना बदडलं. संशय कुणाचा घ्यायचा हे आपलं आपल्याला ठरवावं लागू नये म्हणून की काय, संशयित दिसला की मागे ढोल वाजत होता. मी टीव्ही बंद केला तो केलाच.

पुढे एक दिवस शेजारच्या नलूताई जिन्यात भेटल्या. "अहो शालूताई, शेवटी बायकोच निघाली हो सामील!"

एवढं मला पुरलं. तुमच्या कादंबरीत खुनी एकटा कारागीर होता. सकाळीच मालकाला मारून तो त्याच्या जागी बसतो, बारा वाजेपर्यंत तांब्यावर हातोडा मारत राहतो, म्हणजे आळीला वाटावं मालक जिवंत आहे. मग मंडईत जाऊन चारचौघांत मिरवतो, म्हणजे खून बारानंतरचा ठरला की हा सुटला. आतल्या खोलीतली मालकाची बायको बिचारी शपथेवर सांगते, "बारापर्यंत ह्यांचाच हातोडा चालू होता." दोन पिढ्यांनी त्या बाईसाठी डोळे पुसले. आणि हे लोक तिलाच खुनात ओढतात?

मी व्यासपीठावरून कडाडले, "प्रेताशेजारी रडणाऱ्या बाईलाही यांनी सोडलं नाही! का? बाई खुनी निघाली की लोक जास्त बघतात! हा मृत लेखकाचा विश्वासघात आहे!" काय टाळ्या पडल्या, अप्पा! तुम्ही पहिल्या रांगेत बसला आहात असं मला वाटत होतं.

मंगळवारी दारात एक मुलगी उभी. विश्रांतवाडीहून आली होती, सत्तावीस-अठ्ठावीसची असेल. मालिकेची लेखिका.

"मॅडम, तुमची स्पीच मी ऐकली. जाकिटाचं सॉरी, ते चॅनेलचं होतं. पण शेवट आमचा नाहीये."

"मग कोणाचा? पोस्टमास्तरांच्या मोटरसायकलचा?"

ती हसली नाही. तिने पिशवीतून एक कागद काढून माझ्यापुढे धरला. मालिकेच्या लोकांना लिहिलेली चिठ्ठी. तुमचं अक्षर. तेच उभट, घाईतलं.

'माझ्या कादंबरीचा शेवट चुकला आहे. माझी मुलगी बारा वर्षांची असताना तिने बरोबर उत्तर सांगितलं होतं. ती खोलीतून गेली आणि मला ते पटलं. कबूल करायचा धीर झाला नाही. तुम्ही तिचा शेवट घ्या. मात्र तिला सांगू नका. बघेल तेव्हा ओळखेल.'

अप्पा, मी ओळखलं नाही!

तुमची ती नारायण पेठेतली लायब्ररी आठवते का? प्रत्येक रहस्यकथेचं शेवटचं प्रकरण तुम्ही सुईदोऱ्याने शिवून ठेवायचात. वाचकाने टेबलाशी यायचं, खुन्याचं नाव सांगायचं, मग तुम्ही कात्रीने दोरा कापणार. एकदा पेन्शनर जोशी चिडून म्हणाले होते, "पुस्तक वाचायला दिलंय की परीक्षेला बसवलंय?" तुम्ही मान वर न करता म्हणालात, "परीक्षाच आहे. नापासांनाही शेवट वाचायला देतो, हे आमचे उपकार."

आणि नुसतं नाव चालायचं नाही. "नाव कोणीही घेईल. कारण बोला."

त्या कादंबरीचं हस्तलिखितसुद्धा तुम्ही मला तसंच शिवून दिलं होतंत. छापखान्यात जायच्या आधी, पहिली वाचक म्हणून! मी दोन दिवसांत वाचलं, तुमच्यासमोर ताठ उभी राहिले आणि म्हणाले, "कारागीर. पण बायको सामील आहे."

"कारण?"

"अप्पा, तुम्ही मला तांबट आळीत नेलं होतंत ना? तिथल्या काकू म्हणाल्या होत्या, आमच्या ह्यांचा हातोडा मी डोळे मिटून ओळखते. मग हिला वीस वर्षांच्या संसारात नवऱ्याचा हातोडा ओळखू येत नाही? ती खोटं बोलतेय."

तुम्ही कात्री उचललीत, दोरा कापलात आणि म्हणालात, "चूक. वाच."

त्या एका शब्दाचं काय झालं, तुम्हाला ठाऊक नाही. पुढे मी तुमची सगळी लायब्ररी वाचली, पण टेबलाशी येऊन नाव कधी सांगितलं नाही. तुम्ही म्हणायचात, "शालूला रहस्यकथेत गम्य नाही." गम्य होतं, अप्पा! भीती होती. स्वतःचं ते उत्तर मी इतकं पुसून टाकलं, की चाळीस वर्षांनी कुणीतरी जिन्यात मला तेच ऐकवलं आणि मी भर सभेत त्यालाच जोडे मारले.

शेवटची तीन वर्षं रोज दुपारी तुम्हाला वर्तमानपत्र कोण वाचून दाखवत होतं? मीच ना? आणि ती मुलगी सांगते, मी व्याख्यानाला गावाला गेले की ही मालिकेची मंडळी घरी यायची, तुम्ही त्यांना चहा पाजून माझा पराक्रम सांगायचात. परक्यांना! मला एकदा म्हणायचं होतं, "शालू, तू बरोबर होतीस." चार शब्द! त्यालाही दोरा कशाला घातलात?

मुलगी निघताना मी विचारलं, "बायकोचं कारण काय दाखवलंय शेवटी?"

"हातोड्याचा आवाज, मॅडम. तुमचंच. तुम्ही लास्ट एपिसोड पाहिला नाहीत?"

नव्हता पाहिला. नुसतं नाव ऐकून मी निकाल दिला. तुमच्या टेबलाशी मी अशी आले असते, तर तुम्ही मला परत पाठवलं असतंत.

म्हणून एक वचन देते. येत्या रविवारी त्याच व्यासपीठावर पुन्हा उभी राहणार आहे. त्या मुलीला पहिल्या रांगेत बसायला सांगितलंय. तिची माफी मागेन, माझी चूक कारणासकट सांगेन. जाकिटाला मात्र माफी नाही.

आणि त्यानंतर तुमची चूक सांगेन, अप्पा. तीही कारणासकट. त्या दिवशी टाळ्या पडोत न पडोत, ज्याने मला फसवलं त्याचं नाव मी घेणार आहे.

बाराव्या वर्षी बरोबर असलेली,
तुमची शालू