शिरक्याची सुई

अण्णा, सगळा जन्म किनाऱ्यावर काढलात, पण तुमची पाठ कायम दर्याकडे आणि तोंड वाडीकडे. त्यामुळे मी काय काम करते ते तुम्हाला सांगायचं तर वाडीतूनच सुरुवात करायला हवी.

गेंड्या भुंग्याचं ते वर्ष आठवतं का? माडांच्या नव्या झावळ्या कात्री चालवल्यासारख्या त्रिकोणी कापलेल्या. तुम्ही गड्यावर विसंबला नाहीत, स्वतः वर चढायचात. शेंड्यातल्या भोकात तारेचा आकडा घालून भुंगा ओढून काढायचात आणि वरूनच ओरडायचात, "बायो, डबा धर!" रोज भुंगे मारत होतात आणि रोज नवे येत होते. मग एका सकाळी तुम्ही विहिरीमागचा शेणखताचा खड्डा उपसायला घेतलात. अख्ख्या आळीत त्या खताचं कौतुक. पाहुणा आला की तुम्ही त्याला चहाआधी खड्डा दाखवणार! फावड्याच्या पहिल्याच घावाला त्याच भुंग्याच्या पांढऱ्या, गलेलठ्ठ अळ्या बाहेर पडल्या. तुम्ही क्षणभर बघत राहिलात आणि हसलात, "आपणच पोसलेत की गं हे!" आई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "हसताय काय, उपसा आता." त्या दिवशी जेवणं दिवेलागणीला झाली.

मी लक्षद्वीपच्या एका बेटावर काही सोबत्यांबरोबर प्रवाळ राखते. तिथला भुंगा म्हणजे काटेरी तारामासा. ताटाएवढा, अंगभर विषारी काटे. प्रवाळावर बसतो, स्वतःचं पोट बाहेर काढून प्रवाळातला जीव खातो आणि मागे नुसता पांढरा सांगाडा ठेवतो. थोडे असले तर बिघडत नाही, तेही त्याच दर्यातले. पण कधीकधी त्यांचं पेव फुटतं, तसं आता फुटलंय. चिडून कोयत्याने तोडायला जावं तर तुटका तुकडाही कधी जगतो. म्हणून आम्ही पाण्यात उतरतो आणि एकेकाला शिरक्याची सुई टोचतो. तोच स्वयंपाकातला शिरका, म्हणजे व्हिनेगर. तारामासा त्याने मरतो, प्रवाळाला काही होत नाही. किळस येते, हात भरून येतात, पण मी थांबत नाही. एवढं करून पुढच्या खेपेला पुन्हा तितकेच बसलेले. त्यांच्या पिल्लांना गावातून वाहून येणारं सांडपाणी पोसत असावं, असं आम्हाला वाटतं. म्हणून गावाच्या सभेत मी मोऱ्यांचा विषय काढला. झालं! तारामासे मारायला आलात की आमची घाण काढायला, असं तोंडावर विचारलं लोकांनी, आणि दुसऱ्या दिवसापासून एकही नाव मिळेना. नावेशिवाय आम्ही प्रवाळापर्यंत पोचूच शकत नाही. या हंगामात काम थांबलं तर उरलंसुरलं प्रवाळही जाईल.

म्हणून चार दिवस घरी आले. दादा म्हणतो, "पुरे झालं गं. पन्नाशी आली तुझी. दर्या काय आपल्या बापाचा आहे?" बापाचं नाव निघालं म्हणून तर हे लिहायला बसले. त्याला म्हटलं, वाडी बापाचीच होती ना, मग बापाने काय केलं ते आठव. तो माझ्या पिशवीत सोललेले नारळ भरायला लागला. उद्या मांडव्याहून मुंबई, पुढे कोची, तिथून बेट. दारोदार जाईन, शिव्या खाईन, पण नाव मिळवीन आणि मोऱ्यांचंही बोलेन. दोन्हीपैकी एक सोडणार नाही.

तुम्ही आता नाही, हे पत्र टाकायला जागा नाही, म्हणूनच एक गोष्ट लिहिते, जी दादालाही सांगितलेली नाही. सभेत मी सगळ्या गावाच्या मोऱ्या काढल्या, पण आम्ही राहतो त्या घरामागचं पाणी कुठे जातं, हे मी आजवर वाकून पाहिलेलं नाही. अंदाज आहे, दर्यातच. बेटावर गेल्यावर आधी आमचीच मोरी उघडणार, भर दुपारी, सगळ्यांसमोर. लाज वाटेल. वाटू दे.