भार्गवीच्या पेशी

४ जून
बंगळूर आवडलं! राजाजीनगरात अंबूबाईंची वरची खोली मिळाली. त्या पिढ्यान्‌पिढ्या इथल्या, मराठीत कन्नड कालवून बोलतात. आल्या आल्या म्हणाल्या, स्वल्प जेव, मग सामान लाव. प्रयोगशाळाही झकास. रुग्णांच्या रक्ताशी ताडून पाहायला निरोगी रक्त लागतं; ते दर गुरुवारी आमच्यातलाच एकजण देतो. काढायचं काम माझं.

९ जून
भार्गवी माझी धाकटी बहीण, हे इथे कुणाला ठाऊक नाही. सासरच्या आडनावाचा एवढा तरी उपयोग! गेल्या वर्षी याच प्रयोगशाळेत काम करताना तिला जंतू लागलेली सुई टोचली. ताप चढला, तरी आमचे प्रमुख वेणुगोपाल म्हणाले, गोळी घे, प्रयोग संपव. जंतुदोष रक्तात पसरून ती पाचव्या दिवशी गेली.
मी मुलखाची भांडखोर. लहानपणी ती मागून येऊन माझे हात धरायची. शरीरातल्या नियामक पेशी हेच करतात, लढाई आवरतात. पुढे तिच्या अंगात त्या इतक्या माजल्या की ताप उतरला आणि जंतूंना रान मोकळं मिळालं. वेणुगोपालांनी तिचंही रक्त नमुना म्हणून गोठवून ठेवलंय. मी या माणसाला सोडणार नाही.

१६ जून
तिच्या पेशी वाढवून माझ्या रक्तात मिसळून पाहिल्या. माझ्या लढाऊ पेशी चिडीचूप. शाब्बास, भार्गवी! गुरुवारी वेणुगोपालांची पाळी. रक्त काढायच्या निमित्ताने तुझ्या पेशी आणि त्याच नमुन्यातले तुला मारणारे जंतू, दोन्ही त्यांच्या अंगात सोडते.

१८ जून
झालं! हात पुढे करताना ते हसत होते. त्याच सुईला टोपण लावताना ती माझ्याही बोटाला टोचली, किरकोळ.

२० जून
त्यांचा दंड लाल, सुजलेला. सणसणून ताप. भोग म्हणावं! माझ्या बोटावर लालीसुद्धा नाही.

२२ जून
ते कामावर आले. ठणठणीत. त्यांच्या शरीराने परक्या पेशी हाकलल्या, जंतू मारले. लाली, सूज, ताप — ती लढाई होती.
मग माझं बोट —

२३ जून
सख्खी बहीण. माझ्या रक्ताने तिला परकी मानलंच नाही. अंबूबाई म्हणतात, अंग गार आहे, घाबरतेस कशाला? ताप हवाय मला. ताप —

२४ जून
डॉक्टरांकडे नेतायत. धाप. नखं निळी. मागून कुणीतरी हात धरलेत — भार्गवी, मला नको, त्याला धर — सोड, मला अजून त्याचा