एका हाताने उचलता येईल असा अॅम्प्लिफायर

प्रिय ताई,

तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले. उत्तर लिहायला बसले की यांची काठी जमिनीवर आपटते आणि मी उठते. हाक मारायला शब्द कुठे उरलेत? अर्धांगवायूनंतर एकच शिल्लक राहिला, 'नाही'. चहा हवा का म्हटलं तर नाही, आणि हात मात्र कपाकडे.

मागच्या आठवड्यात मी काय विकत घेतलं असेल? ऐकून कपाळाला हात लावशील. गिटारचा अॅम्प्लिफायर! चष्म्याच्या दुकानातून सुटून घरी येत होते. दिवसभर लोकांच्या नाकांवर फ्रेमा बसवून माझंच नाक नकोसं झालेलं. वाटेत रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात दिसला. शिवणयंत्राच्या पेटीएवढा, पुढचं कापड तपकिरी पडलेलं, मूठ तुटली म्हणून कुणीतरी बॅगेचा पट्टा ठोकलेला. यांचा ऑर्केस्ट्रातला धुडासारखा अॅम्प्लिफायर आठवतो ना? दोघांनी उचलावा लागे. हे हॉस्पिटलमधून आल्यावर पलंगाला जागा हवी म्हणून तो यांच्या ड्रमवाल्या मित्राला देऊन टाकला. हा मी एका हाताने उचलून पाहिला आणि खाली ठेववेना.

दुकानदार म्हातारा, बोलका. म्हणाला, "बाई, हा जुन्या काळातला. चालू केला की लगेच बोलणार नाही. आतल्या काचेच्या नळ्या तापू द्याव्या लागतात. धीर धरा." मी म्हटलं, धीराचं मला सांगू नका, घरी तोच उद्योग आहे.

दोन जिने चढेपर्यंत खांदा भरून आला. यांनी खोक्याकडे पाहिलं आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. "नाही." मग माझंही डोकं फिरलं. म्हटलं, नाही तर नाही, पण आणलाय तो वाजणार. कपाटावरची गिटार काढली, धूळ पुसली, वायर जोडली. आधी काहीच नाही. मग मागच्या जाळीतून नारिंगी उजेड दिसायला लागला आणि बारीक घूं असा आवाज आला. हे हळूच वळले.

यांचा उजवा हात मांडीवर ओल्या टॉवेलासारखा पडलेला असतो, पण डावा शाबूत आहे. गिटार मांडीवर ठेवली तशी डावी बोटं आपोआप तारांवर गेली, आपापल्या जागी, जणू कालच उठून गेली होती. तारा छेडणार कोण? मी शेजारी बसले आणि खर्रकन हात फिरवला. कपाटातली भांडी वाजली. "नाही!" पुन्हा फिरवला. "नाही!" तिसऱ्यांदा मी चिडून म्हटलं, मग कसं ते सांगा तरी! ओठ कितीतरी वेळ नुसतेच हलले. आणि मग म्हणाले, "हळू."

ताई, इतक्या महिन्यांत पहिला नवा शब्द. मी हळू फिरवला. काय सूर लागला म्हणून सांगू! रडायला हवं होतं, पण रडायचंही त्राण नव्हतं. तशीच यांच्या खांद्याला टेकून बसले. तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या बाई वर आल्या. वाटलं, भांडायला आल्या. त्या म्हणाल्या, दार उघडं ठेवा, खाली नीट ऐकू येत नाही.

आता रोज संध्याकाळी आम्ही बसतो. एक डावा, एक उजवा. मला ठेका कळत नाही म्हणून हे डोळे वटारतात. मी खूश असते, वटारू देत.

तू दर वेळी विचारतेस आणि मी 'सगळं ठीक' लिहिते. आज तसं लिहिणार नाही. माझ्या पोटात गाठ निघालीय. डॉक्टर म्हणतात, काढायलाच हवी, थांबून चालणार नाही. यांना अजून सांगितलेलं नाही. आत्ता कुठे बोलायला लागलेत, आणि तो शब्द पुन्हा आत जाईल अशी भीती वाटते. पण सांगणार आहे, तू आल्यावर, तू शेजारी असताना. ये गं. कधी परत जायचं ते ठरवून येऊ नकोस. मी फार दमलेय.

तुझीच,
धाकटी