बारखाण म्हणजे काय

ती. आबासाहेब मामांस,

कल्याणचा साष्टांग नमस्कार. पाथर्डीचं ऊन तुमच्या गुडघ्यांना मानवत असेल. (मामींची शेंगदाण्याची चटणी मिळाली. बरणी फुटली, चटणी शाबूत.)

मामा, एका शब्दाने घात केला. केंद्रप्रमुख नववीच्या वर्गात आले आणि त्यांनी मलाच विचारलं, "बारखाण म्हणजे?" मी पुस्तक घरी विसरलेला. दिलं ठोकून, बारा खाणींचा प्रदेश! निकिता नावाची मुलगी उठून म्हणाली, "सर, मंग वाळू उपसून खड्डं पडल्याली आपली नदीच बारखान हाय की!" वर्ग हसला, साहेब हसले. (मीही हसलो, दुसरं काय करणार?) घरी येऊन पाहिलं, तर शब्द मध्य आशियातल्या तुर्की भाषांतला, रशियन अभ्यासकांनी पुस्तकांत आणलेला. अर्थ, वाऱ्याने रचलेली चंद्रकोरीसारखी वाळूची टेकडी.

चूक दुरुस्त करावी म्हणून शनिवारी वर्ग प्रवरेच्या पात्रात नेला. चोरून उपसलेल्या वाळूचे ढीग होते, वाऱ्याने त्यांना थोडा बाक आलेला. आमचे शिपाई सहादेव टेप घेऊन सोबत. "सर, वाळू मोजाया मास्तर आल्याला पयल्यांदाच बगतोय," म्हणाले आणि टेपचं टोक धरून मागे सरकत पाण्यात गेले. तिथे घोटाभर पाणी, हे त्यांना लहानपणापासून ठाऊक. उपशाचा खड्डा ठाऊक नव्हता. मी टेप ओढली, ती हलकीच आली.

सहादेव वर आलेच नाहीत, मामा.

वाळूवाले पोलिसांच्या आधी पोचले. एकाने माझ्या खांद्यावर हात ठेवला, "गुरुजी, मानूस पवाया गेल्ता, न्हाई का?" सहादेवांची बायको लंकाबाई मात्र चौकीत म्हणाली, "माज्या मालकाला पवायाच येत न्हवतं." (हवालदाराचं पेन थांबलं.) तेव्हापासून तिच्या दारासमोर बिननंबरची जीप उभी असते.

बाकी इकडे सर्व ठीक. केंद्रप्रमुखांनी शेऱ्यात 'उपक्रमशील शिक्षक' लिहिलंय.

आपला भाचा,
कल्याण

ता. क. पत्र घेऊन आलेली बाई म्हणजेच लंकाबाई. मंगळवारी प्रांतसाहेबांपुढे तिची साक्ष आहे. तोवर तिला तुमच्याकडे ठेवून घ्या.

ता. क. आणखी एक. 'पोहायला गेला' असं लिहिलेल्या जबाबाखाली माझी सही आहे. लंकाबाईला वाचता येत नाही आणि मला सांगता आलं नाही. मंगळवारच्या आधी तेवढं तुम्ही तिला सांगा.